मनाचे आरोग्य : हक्काचा पाणवठा

स्मरणिका म्हणजे संस्थेच्या वाटचालीचा हिशेब. त्यात इमारतींची, निकालांची, शिष्यवृत्त्यांची आणि मोठ्या पदांवर पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांची नोंद असते, आणि ती असलीच पाहिजे. ज्या घरांत पहिल्यांदाच अक्षर शिरले त्या घरांतून डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक आणि तहसीलदार निघाले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु प्रत्येक तुकडीत काही नावे अशीही असतात, जी स्नेहमेळाव्यात हलक्या आवाजात घेतली जातात. "तो अलीकडे फार पितो म्हणे." "तिचे डोके जरा बिघडले आहे." "त्याचे अचानक असे झाले, घरचे काही सांगत नाहीत." वाक्य अर्धवट राहते आणि विषय बदलतो. यशाच्या यादीत ही नावे नसतात. त्यांच्यापैकी कोणी अकाली गेला तर श्रद्धांजलीच्या ठरावात कारणाची जागा मोकळी सोडली जाते.

या अर्धवट राहिलेल्या वाक्यांविषयी येथे बोलावे, असे आम्हाला वाटते. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मनाच्या आजारावरील आणि व्यसनावरील उपचार हा कायद्याने दिलेला सार्वजनिक हक्क आहे. त्या हक्काची दारे बऱ्याच अंशी उघडी असूनही आपली माणसे तिथवर पोहोचत नाहीत, कारण आजार आणि शीलभंग यांची समाजाने गल्लत केली आहे. ही गल्लत दूर झाल्याशिवाय रुग्ण बाहेर येणार नाही, आणि रुग्ण बाहेर आल्याशिवाय सरकारी सेवा सुधारणार नाही.

प्रश्न किती मोठा आहे ते आधी पाहू. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मनाचा आजार होता. त्यांपैकी बहुतेकांना कोणताही उपचार मिळत नव्हता. निरनिराळ्या आजारांत उपचारांविना राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत होते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेली व्यसनांची देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. दारूमुळे हानी होत असलेल्या किंवा दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या, म्हणजेच मदतीची गरज असलेल्या लोकांची संख्या तिने सुमारे ५.७ कोटी सांगितली. त्याच पाहणीनुसार, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळाला होता आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक होता. ३८ म्हणजे एका वर्गाचा पट. वर्ग भरेल एवढे रुग्ण, आणि त्यांतला एकच दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेलेला.

दुसरी आकडेवारी अधिक वेदनादायक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्या. त्यांतील २२,७४६ महाराष्ट्रातील होते. ही सर्व राज्यांतील सर्वांत मोठी संख्या. देशभरातील या मृतांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक जण रोजंदारीवर पोट भरणारे होते आणि १३,०४४ विद्यार्थी होते. ही रोजंदारीची घरे आणि हे विद्यार्थी कोणत्या वस्त्यांतले असतात, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगावे लागू नये.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून देशात लागू आहे. सरकारने चालवलेल्या किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क असल्याचे या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, तिच्याकडे कार्ड असो वा नसो, तसेच निराधार आणि बेघर व्यक्तीला हे उपचार विनामूल्य मिळाले पाहिजेत. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल तर त्याच जिल्ह्यातील अन्य संस्थेत उपचार घेता येतात आणि तो खर्च शासनाने सोसायचा आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. त्याला साखळदंडाने बांधणे कोणत्याही स्वरूपात निषिद्ध आहे. शारीरिक आजारांप्रमाणेच मनाच्या आजारांनाही विमा कंपन्यांनी संरक्षण द्यायचे आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेऐवजी मदत द्यावी, असे हा कायदा सांगतो. आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे, दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था या कायद्याने 'मानसिक आजार' या व्याख्येतच घेतल्या आहेत. पिणाऱ्याला वस्ती काय म्हणते ते म्हणो. देशाचा कायदा त्याला रुग्ण म्हणतो.

हे उपचार मिळतात कुठे? पुष्कळांच्या डोळ्यांपुढे फक्त ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालये येतात, आणि त्या नावांची दहशत एवढी की पुढचे पाऊलच पडत नाही. प्रत्यक्षात बहुसंख्य रुग्णांना तिथे जाण्याची वेळ येत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका यांचे पथक असावे आणि त्याने तालुक्याच्या पातळीवरही सेवा द्यावी, अशी योजना आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो. इतर कोणत्याही आजाराप्रमाणे केसपेपर काढायचा, बाह्यरुग्ण विभागात बसायचे, तपासून घ्यायचे, औषधे घेऊन घरी यायचे आणि ठरल्या तारखेला पुन्हा जायचे. चिंता, नैराश्य, झोप उडणे, संशयाचा विकार, दारूची ओढ या बहुतेक तक्रारींचे उपचार असे चालता-बोलता होतात. केंद्र शासनाच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्थांची व्यसनमुक्ती व पुनर्वसन केंद्रेही चालतात. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' उभे केले. सरकारी व्यवस्था आणि समाजाची आपुलकी हातात हात घालून काय करू शकतात, याचे ते महाराष्ट्राला परिचित असलेले उदाहरण आहे.

ज्याला घराबाहेर पडणेच अवघड वाटते त्याच्यासाठी दूरध्वनी आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने 'टेलिमानस' ही सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येते. पलीकडे आधी प्रशिक्षित समुपदेशक असतो. गरज भासल्यास तो तज्ज्ञाशी जोडून देतो किंवा जवळच्या रुग्णालयाचा मार्ग सांगतो. व्यसनासंबंधी मदतीसाठी सामाजिक न्याय मंत्रालयाचा १४४४६ हा विनामूल्य क्रमांक आहे. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांसाठी राज्य शासनाने 'प्रेरणा प्रकल्प' आखला. त्यात आशा स्वयंसेविकांनी घरोघरी जाऊन खचलेल्या माणसांचा शोध घ्यावा, अशी योजना होती. 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' या १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या बंधुसंघाच्या सभा आज महाराष्ट्रातही भरतात. तिथे फी नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडू इच्छिणारा माणूस दारू सोडलेल्या माणसांच्या शेजारी बसतो, एवढेच.

म्हणजे साधने अपुरी असली तरी शून्य नाहीत. मग ३८ पैकी ३७ जण बाहेर का राहतात? अंतर, गाडीभाडे, बुडणारी मजुरी, औषधांचा तुटवडा ही कारणे खरीच आहेत आणि त्यांचा विचार आम्ही पुढे करणार आहोत. परंतु आपल्या समाजापुरते एक कारण अधिक आहे आणि ते नाजूक असल्यामुळे कोणी मांडत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी जनसमुदायाला ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातील पाचवे शीलही तेच सांगते. ज्या समाजाच्या श्रमाचा पैसा पिढ्यान्‌पिढ्या गुत्त्यावर गेला, त्या समाजासाठी ती प्रतिज्ञा म्हणजे संसार सावरण्याचा मार्ग होता. हजारो घरे तिने सावरली. तिचे मोल कमी करण्याचा विचारही आमच्या मनात नाही. पण जिथे न पिणे ही ओळख होते, तिथे पिणारा माणूस आपोआप कलंक ठरतो. त्याला विहारात यावेसे वाटत नाही. त्याची पत्नी वंदनेला येते, पण घरचे विचारले की "बरे आहेत" म्हणते. मुलगा वसतिगृहात राहतो आणि सुटी लागली की घरी जायचे टाळतो. सगळे घर एक गुपित राखण्यात गुंतते, आणि गुपित राखणारे घर सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहत नाही, कारण रांगेत ओळखीचे कोणी भेटेल. नैराश्याचेही तसेच. जो समाज संघर्षातून उभा राहिला त्याच्या मुलाने "मला जगावेसे वाटत नाही" असे म्हणणे म्हणजे दुबळेपणा, अशी एक अदृश्य पाटी घराघरांत लागलेली आहे. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात खोली घेऊन राहिलेला मुलगा तिसऱ्या प्रयत्नातही मागे राहतो तेव्हा तो त्या पाटीखालीच बसलेला असतो.

ज्या धम्माचा आधार घेऊन आपण दोष देतो, त्या धम्माने अशा माणसाशी कसे वर्तन केले, हे आठवणे येथे उचित होईल. भिक्खूंनी मद्य घेऊ नये हा विनयाचा नियम सागत नावाच्या भिक्खूच्या प्रसंगातून आला. सागत सामान्य भिक्खू नव्हता. एका उग्र नागाला त्याने नमवल्याची कीर्ती सर्वत्र पसरली होती. कोसंबीच्या उपासकांनी सन्मान म्हणून घरोघरी त्याच्यापुढे मद्य ठेवले. ते पिऊन तो नगराच्या वेशीपाशी कोसळला. भगवान बुद्धांनी त्याला तिथे पाहिले तेव्हा प्रथम भिक्खूंना सांगितले, की याला उचला. त्याला विहारात आणले गेले. त्यानंतर भगवंतांनी मद्याचा दोष सांगितला आणि नियम घालून दिला. तो नियमही 'पाराजिक' या वर्गात ठेवला नाही. पाराजिक अपराध चारच आहेत आणि ते घडले तर भिक्खू संघाबाहेर जातो. मद्यपान 'पाचित्तिय' या वर्गात येते. संघापुढे दोष उघड करायचा, पुन्हा सावध राहायचे आणि संघातच राहायचे, असा त्याचा अर्थ आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी संघाने पिऊन पडलेल्या माणसाला बाहेर काढण्याची शिक्षा ठेवली नाही. मग ती शिक्षा वस्तीने कोणत्या अधिकारात द्यावी?

पटाचारेची कथाही आपण पोरांना सांगतो. पती, दोन लेकरे, आईवडील आणि भाऊ एकामागून एक गमावल्यावर तिचे भान हरपले. अंगावर वस्त्र नसलेल्या अवस्थेत ती श्रावस्तीत फिरत होती आणि लोक तिला वेडी म्हणून हुसकत होते. ती बुद्धांच्या सभेकडे आली तेव्हाही उपस्थितांनी तिला अडवू पाहिले. भगवंतांनी तिला येऊ देण्यास सांगितले. ती भानावर येताच सभेतील एकाने आपले वस्त्र तिच्याकडे टाकले. धम्मोपदेश त्यानंतर झाला. पुढे हीच पटाचारा विनय जाणणाऱ्या भिक्खुणींमध्ये अग्रणी ठरली. त्या सभेचा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो. आधी जवळ येऊ देणे, मग अंगावर वस्त्र, आणि उपदेश सर्वांत शेवटी. घराघरांत मात्र आजारी माणसाच्या वाट्याला पहिल्यांदा उपदेशच येतो.

लपवाछपवीची किंमत फार मोठी आहे. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला घरचे लोक खोलीत कोंडून "आता पाहू कशी पितो" म्हणतात. अशा माणसाची दारू एकाएकी तुटली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत कंप सुटणे, फिट येणे, नसलेल्या गोष्टी दिसणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात आणि ते जिवावर बेतू शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने आणि शरीराला बी-१ जीवनसत्त्व देऊन हाच काळ सुखरूप पार पडतो. एसटी स्थानकाच्या भिंतींवर "रुग्णाच्या नकळत जेवणातून द्या, दारू सुटेल" अशा जाहिराती रंगवलेल्या असतात. त्या पुड्यांत काय असते ते कोणालाच ठाऊक नसते. दारू सोडवण्यासाठी वापरले जाणारे डायसल्फिराम हे औषध डॉक्टर रुग्णाला पूर्ण कल्पना देऊनच देतात, कारण ते पोटात असताना दारू घेतली तर प्राणाशी गाठ पडू शकते. ते नकळत देणे म्हणजे घरच्याच हाताने केलेला घात. नोंदणी नसलेल्या केंद्रांत माणूस पोहोचवून येणे हाही असाच प्रकार. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण पळू न शकल्याने होरपळून मेले. त्यांच्या नातलगांनी त्यांना श्रद्धेने आणि हतबलतेने तिथे ठेवले होते. आपला माणूस जिथे ठेवायचा त्या संस्थेची या कायद्याखाली नोंदणी आहे का, हे विचारणे म्हणूनच उद्धटपणाचे ठरत नाही. ते कर्तव्य आहे.

आता शासनाच्या वाट्याचे बोलू. योजना आहेत, पण त्या राबवायला माणसे फार थोडी आहेत. देशात एक लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, आणि जे आहेत ते मोठ्या शहरांत. तालुक्याच्या रुग्णालयात तज्ज्ञ ठरावीक वारी येतो. त्या दिवशी बस चुकली की महिना जातो. औषध संपले की बाहेरची चिठ्ठी मिळते. नियमित औषधांवर सावरलेला माणूस चिठ्ठीच्या खर्चामुळे पुन्हा कोसळतो आणि मग "औषधांनी काही होत नाही" असा निष्कर्ष निघतो.

परंतु हे बदलता येते, याचा पुरावा आपल्याच विदर्भात आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी नैराश्याविषयी बोलावे, आधार द्यावा आणि गरजू माणसाला डॉक्टरपर्यंत न्यावे, अशी त्याची रीत होती. त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात आले. सुरुवातीला नैराश्यग्रस्तांपैकी ४.३ टक्के लोकच मदत घेत होते. दीड वर्षानंतर हे प्रमाण २७.२ टक्के झाले. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारूमुळे हानी होत असलेल्या पुरुषांसाठी प्रशिक्षित पण बिगरतज्ज्ञ समुपदेशकांचा प्रयोग झाला. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा नेहमीच्या उपचारांत २६ टक्के पुरुष त्या अवस्थेतून बाहेर आले होते, तर समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के. हे आकडे चमत्काराचे नाहीत, म्हणूनच विश्वासार्ह वाटतात. दार उघडे ठेवून वाट पाहिल्याने जे होत नाही ते दारापर्यंत सोबत गेल्याने होते, इतकेच ते सांगतात.

काही विचारी मंडळी आक्षेप घेतील, की उपचारांची चर्चा कशाला, दारूच बंद करा. गडचिरोली जिल्ह्यात जनआंदोलनानंतर १९९३ साली दारूबंदी आली. गावोगावच्या स्त्रियांनी 'आडवी बाटली'ला मते देऊन दुकाने बंद पाडली. हा आपल्या राज्याचा अभिमानास्पद इतिहास आहे. शेजारच्या चंद्रपुरात मात्र २०१५ साली लागू झालेली बंदी २०२१ साली उठवली गेली. म्हणजे बंदी राज्यकर्त्यांच्या निर्णयावर येते-जाते. जो माणूस आधीच आहारी गेला आहे त्याचे शरीर त्या निर्णयाची वाट पाहत नाही. गडचिरोलीतही २०१६ पासून 'मुक्तिपथ' अभियानाने दारू-तंबाखूविरोधी जागृतीबरोबर उपचारांची सोय गावापर्यंत नेली. दुकान बंद करणे आणि रुग्ण बरा करणे ही दोन कामे एकमेकांच्या आड येत नाहीत.

दुसरा आक्षेप असा, की आजार म्हटले की माणूस जबाबदारीतून सुटतो. मधुमेहाच्या रुग्णाला आपण आजारी म्हणतो. म्हणून पथ्य पाळण्याची त्याची जबाबदारी संपते का? व्यसनी माणसाने घरात केलेल्या मारहाणीचे समर्थन आजाराच्या नावाखाली होऊ शकत नाही, आणि पत्नीला व मुलांना संरक्षण मिळालेच पाहिजे. रुग्ण म्हणण्याचा अर्थ इतकाच, की त्याला बरे होण्याची वाट दाखवायची आणि त्या वाटेने चालण्याची अपेक्षाही ठेवायची.

येथे महाडची आठवण होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. कागदावर तळे खुले झाले होते, पण ओंजळ कोणाचीच भरली नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह चालत तळ्याकाठी गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्यानंतरही लढा संपला नाही. उच्च न्यायालयाचा निर्णय यायला १९३७ साल उजाडले. तिथे पाणी अडवणारे दुसरे होते, येथे अडवणारी बरीचशी आपलीच लाज आहे, हा फरक आम्ही जाणतो. परंतु सार्वजनिक साधनाचा नियम दोन्हीकडे सारखाच आहे. ते ठरावाने खुले होते आणि माणसे चालत गेल्यावरच आपले होते. ज्या पाणवठ्यावर कोणी जात नाही त्याचा गाळ कोणी काढत नाही. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचाराचे रिकामे पद भरा, औषधांचा पुरवठा नियमित ठेवा, ही मागणी रांगेत उभी राहणारी माणसेच जोराने करू शकतात.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने काही ठोस गोष्टी सुचवाव्यात, असे आम्हाला वाटते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत पात्र समुपदेशक असावा, कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण मिळावे आणि टेलिमानससारख्या सेवांचे क्रमांक वसतिगृहांत व वर्गांत ठळकपणे लावावेत. निवासी शाळेत मूल चोवीस तास आपल्या ताब्यात असते. तिथे या सूचना आधी अमलात यायला हव्यात. अधीक्षक, स्वयंपाकघरातल्या मावशी आणि रात्रीचे पहारेकरी यांनाही प्रशिक्षणात बसवावे, कारण रात्री रडणारे मूल शिक्षकांच्या आधी त्यांना दिसते. सुटी लागताना घरी जायला कचरणाऱ्या मुलाला "का" असे ओरडून न विचारता, हळूच बाजूला घेऊन विचारावे.

माजी विद्यार्थी संघाने जिल्ह्याजिल्ह्यांत दोन-तीन माणसे अशी ठरवावीत, की ज्यांना जिल्हा रुग्णालयातील मानसोपचाराचा वार, वेळ आणि खोली माहीत आहे आणि जी रुग्णाबरोबर केसपेपरच्या खिडकीपासून औषधाच्या खिडकीपर्यंत उभी राहतील. पहिल्या भेटीचे गाडीभाडे आणि बुडालेली एका दिवसाची मजुरी संघाच्या निधीतून देता आली, तर तो निधी कोणत्याही सत्कारापेक्षा सत्कारणी लागेल. आपल्यातील वकिलांनी कायद्याचा अर्थ लोकांना समजावून द्यावा, आणि हक्क डावलला गेल्यास मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे तक्रार कशी करायची ते सांगावे. विहारांच्या फलकावर वंदनेच्या वेळेखाली १४४१६ आणि १४४४६ हे दोन आकडे लिहायला एक खडू पुरतो. आणि जो दारू सोडून वर्षभर सावरला आहे, त्याची इच्छा असेल तर त्याला वंदनेनंतर चार शब्द बोलू द्यावेत. त्याचे बोलणे ऐकून पाठीमागे बसलेल्या एखाद्या भगिनीला पहिल्यांदाच वाटेल, की आपल्या घरचे सांगायला हरकत नाही.

पालकांना आमची एक विनंती आहे. मुलगा गप्प झाला, मुलीची झोप उडाली, अभ्यासात लक्ष लागेना, जगण्यात अर्थ नाही असे शब्द तोंडून निघाले, तर ते नाटक समजू नका. "तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?" असे सरळ विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट ओझे हलके होते, असे या क्षेत्रातील तज्ज्ञ सांगतात. त्या क्षणी त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा.

संस्थेचा पुढचा वर्धापन येईल, पुन्हा स्मरणिका निघेल, यशवंतांची यादी पुन्हा छापली जाईल. तिच्यात भर पडो. त्याचबरोबर, आज हलक्या आवाजात घेतली जाणारी काही नावे तोवर उपचार घेऊन बरी झालेली असोत आणि स्नेहमेळाव्याच्या पंगतीत इतरांच्या शेजारी बसलेली असोत. त्यासाठी नवा कायदा नको, मोठी देणगीही नको. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा वार कोणता, एवढे विचारून ठेवा, आणि त्या दिवशी कोणाबरोबर तरी जा.